एका घासाचा प्रवास : स्मिर्ना ते पूर्णा

मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परभणी आणि नांदेड यांच्या दरम्यान पूर्णा हे जंक्शन लागते. निजामाच्या राजवटीत हा मार्ग टाकला गेला. येथून एक फाटा हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जातो. मीटरगेजच्या काळात येथे इंजिनांची शेड होती आणि रेल्वेच्या नोकरीसाठी दूरदूरची माणसे येऊन या लहानशा गावात स्थायिक झाली होती. जंक्शनच्या गावाचा एक स्वभाव असतो. तेथे रोज कोणीतरी गाठोडे घेऊन उतरते, कोणीतरी गाठोडे घेऊन चढते, आणि बहुतेक गाठोड्यांत फडक्यात बांधलेली भाकर असते.

अशा गावात बसून एका परक्या वाटणाऱ्या पदार्थाचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. अलीकडे पाककृतींच्या सदरांतून ‘ग्रीक पद्धतीचे टाको’ या नावाचा पदार्थ वाचनात येतो. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले कोकराचे मांस, त्यावर दही-काकडी, आणि हे सारे एका लहान, मऊ, पातळ भाकरीत दुमडलेले. ग्रीस कोठे, मेक्सिको कोठे, आणि ही खिचडी कोणी केली, असे वाटून वाचक पान उलटतो. परंतु हा पदार्थ वाटतो तितका नवा नाही आणि आपल्यापासून तितका दूरही नाही. त्याच्या एकेका घटकामागे घर सोडून निघालेली माणसे उभी आहेत. त्यांचा माग काढीत गेलो की वाट शेवटी आपल्याच चुलीपाशी येऊन थांबते.

प्रथम मांस आणि भाकर यांच्या जोडीकडे पाहू. ही जोडी किती जुनी आहे हे आपणा ख्रिस्ती वाचकांना निराळे सांगावयास नको. निर्गमाच्या रात्री इस्राएली कुटुंबांनी कोकरू विस्तवावर भाजले आणि बेखमीर भाकर व कडू भाजीबरोबर ते खाल्ले. कमर बांधलेली, पायांत पायतण, हातात काठी, अशा तयारीत ते जेवण झाले. पास्काचे भोजन हे मुळात प्रवासाला निघालेल्यांचे भोजन होते. पीठ फुगण्याची वाट पाहण्यास सवड नव्हती, म्हणून भाकर बेखमीर राहिली. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबे आजही पुनरुत्थानाच्या सणाला कोकरू भाजतात, ते याच स्मृतीशी नाते सांगत.

ग्रीसमध्ये कोकरू शिजविण्याची आणखी एक रीत आहे. तिला ‘क्लेफ्तिको’ म्हणतात. ‘क्लेफ्तिस’ म्हणजे चोर. ऑटोमन तुर्कांच्या अमलात जे बंडखोर डोंगरांत राहून सरकारी सत्तेला दाद देत नसत, त्यांना हे नाव पडले होते. १८२१ साली ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा त्यातील अनेक लढवय्ये याच मंडळींतून आले. ही माणसे जमिनीत खड्डा करून, निखाऱ्यांवर मांस ठेवून, वरून माती लिंपून घेत. धूर दिसू नये, वास पसरू नये आणि पाठलाग करणाऱ्या शिपायांना ठिकाण कळू नये, यासाठी ही युक्ती होती असे सांगतात. मांस रात्रभर आपल्याच रसात शिजत राही. लपण्याची गरज ही त्या पाककृतीची आई होय.

ग्रीसचे नाव जगभर ज्या पदार्थामुळे झाले तो मात्र वेगळा. उभ्या सळईवर मांसाचे थर चढवून, ती सळई विस्तवासमोर फिरवीत, भाजलेला भाग वरून तासून घ्यावयाचा आणि भाकरीत भरावयाचा, ही रीत एकोणिसाव्या शतकातील ऑटोमन तुर्कस्तानातील होय. तुर्की भाषेत तिला ‘डोनर’ म्हणतात, अरबी मुलखांत ‘शावर्मा’, आणि ग्रीसमध्ये ‘यीरो’. तिन्ही शब्दांच्या मुळाशी फिरणे, गरगर वळणे हाच अर्थ आहे. एकच वस्तू, तीन भाषांत एकाच अर्थाची तीन नावे. सीमेपलीकडे गेलेल्या पदार्थाचे नाव कसे भाषांतरित होते, याचे हे सुरेख उदाहरण आहे.

ही रीत ग्रीसमध्ये रुजण्यामागे मोठे दुःख आहे. १९२२ च्या सप्टेंबरात आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील स्मिर्ना हे भरभराटीचे बंदर आगीत भस्मसात झाले. प्रेषित योहानाच्या प्रकटीकरणातील सात मंडळ्यांपैकी एक मंडळी याच स्मिर्नाची, आणि संत पॉलिकार्प येथलेच धर्माध्यक्ष. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील युद्धाच्या अखेरीस लक्षावधी माणसे जीव घेऊन पळाली. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे झालेल्या करारान्वये दोन्ही देशांनी आपल्या प्रजेची सक्तीने अदलाबदल केली. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये आले, तर साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. कोणी कोठे जावयाचे हे भाषेवरून ठरले नाही, धर्मावरून ठरले. त्यामुळे ज्यांना केवळ तुर्की बोलता येत होती अशी ख्रिस्ती कुटुंबे ‘ग्रीक’ म्हणून ग्रीसला पाठविली गेली, आणि ग्रीक बोलणारी मुसलमान कुटुंबे ‘तुर्क’ म्हणून तुर्कस्तानात पोहोचली. १९४७ च्या फाळणीच्या कथा ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना यावर अधिक भाष्य नको.

हे निर्वासित ख्रिस्ती होते, आपल्या धर्मबांधवांच्या देशात आले होते. त्यांचे स्वागत कसे झाले? सुमारे ५० लाख वस्तीच्या गरीब देशात एकाएकी १२ लाख माणसे आली, तेव्हा जागा, काम आणि धान्य यांची ओढाताण होणे स्वाभाविक होते. परंतु ओढाताणीबरोबर हिणवणेही आले. जुने रहिवासी त्यांना ‘तुर्काची बीजे’ म्हणत. याहून विलक्षण एक शब्द रूढ झाला होता, ‘दह्याने बाप्तिस्मा झालेले’. निर्वासितांच्या स्वयंपाकात दह्याचा वापर फार, म्हणून त्यांचा बाप्तिस्मा पाण्याने नव्हे तर दह्यानेच झाला असावा, असा तो टोमणा. ज्या माणसांनी ख्रिस्ती म्हणून आपले घरदार गमावले, त्यांच्याच बाप्तिस्म्याची अशी थट्टा ख्रिस्ती शेजाऱ्यांनी करावी, आणि तीही त्यांच्या वाटीतील दह्यावरून, यापरते वर्मी लागणारे शब्द कोणते असतील?

काळाचा न्याय मात्र पाहा. आज जगातील कोणत्याही शहरात ग्रीक खाणावळ उघडली तर तेथे दही, काकडी व लसूण यांची कालवण असतेच. तिचे नाव ‘झाझिकी’, आणि तो शब्दही तुर्कीतून आलेला. एकेकाळी जी वाटी परकेपणाची खूण होती तीच आज ग्रीसची ओळख झाली आहे. ज्यांना हिणवले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांची चव मात्र साऱ्या देशाची झाली.

आता अटलांटिक महासागर ओलांडून मेक्सिकोकडे वळू. टाको म्हणजे ‘टोर्टिया’ नावाच्या मक्याच्या पातळ भाकरीत दुमडलेले कालवण. मका हे मेक्सिकोचे आद्य धान्य. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून तो घडविला. मेंढी मात्र तेथील नव्हे. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी आझ्टेकांची राजधानी जिंकली आणि त्यानंतर त्यांच्याबरोबर मेंढ्या, डुकरे व गहू तेथे आले. मेक्सिकोच्या खेड्यांत रविवारी होणारा ‘बार्बाकोआ’ हा बेत म्हणजे घायपाताच्या जातीच्या झाडाची पाने अंथरून खड्ड्यात रात्रभर शिजवलेली मेंढी. खड्डा व पाने मूळ रहिवाशांची, मेंढी विजेत्यांची. ग्रीसच्या डोंगरातील खड्डा आणि मेक्सिकोच्या माळावरील खड्डा यांची एकमेकांना वार्ताही नव्हती, पण दोहोंतून एकच गोष्ट बाहेर पडली : हाडापासून आपोआप सुटणारे मऊ मांस.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन व आसपासच्या मुलखातून अनेक कुटुंबे मेक्सिकोला जाऊ लागली. त्यांत मॅरोनाइट ख्रिस्ती मोठ्या संख्येने होते. मॅरोनाइट ख्रिस्तसभा ही रोमशी ऐक्य असलेली, पण आपली पौर्वात्य उपासनापद्धती जपणारी प्राचीन मंडळी आहे. ऑटोमन अमलातील हलाखी, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लेबनॉनच्या डोंगराळ भागात पडलेला भीषण दुष्काळ, यांनी त्यांना देशोधडीस लावले. त्यांचे पारपत्र ऑटोमन सरकारचे, म्हणून मेक्सिकोत त्यांनाही नाव पडले ‘तुर्क’. ज्यांच्या राज्याला कंटाळून घर सोडले त्यांच्याच नावाने ओळखले जाण्याचे दैव या ख्रिस्ती निर्वासितांच्याही कपाळी आले.

मध्यपूर्वेतून आलेल्या अशाच काही कुटुंबांनी पुएब्ला शहरात १९३० च्या दशकात उभ्या सळईवर भाजलेले मांस गव्हाच्या मऊ रोटीत गुंडाळून विकण्यास आरंभ केला. त्याला ‘अरबी टाको’ हे नाव मिळाले. कोकराची जागा हळूहळू डुकराच्या मांसाने घेतली, मसाल्यात तेथली मिरची आली, आणि पुढच्या पिढीत गव्हाच्या रोटीऐवजी मक्याची टोर्टिया आली. हा नवा अवतार आज ‘अल पास्तोर’ म्हणून प्रसिद्ध आहे. ‘पास्तोर’ म्हणजे मेंढपाळ. मेंढी ताटातून केव्हाच गेली, नाव तेवढे राहिले. दूर लेबनॉनच्या डोंगरातील कळपांची आठवण त्या एका शब्दात जपली गेली आहे.

तेव्हा ग्रीक पद्धतीचे टाको हा आजच्या एखाद्या हौशी आचाऱ्याचा चमत्कार नव्हे. पूर्वेकडील मांस आणि मेक्सिकोची भाकर यांची सोयरीक पुएब्लाच्या रस्त्यावर नव्वद वर्षांपूर्वीच जुळली होती.

या सर्व कथांत एक सूत्र दिसते. मांस शिजविण्याची रीत बहुधा बाहेरून येते, भाकर ज्या त्या गावची असते. पाहुणा आपली हंडी घेऊन येतो, यजमान आपली भाकर पुढे करतो, आणि दोहोंच्या मध्ये एक नवा पदार्थ जन्म घेतो. आपल्या मराठवाड्यात असे काही घडले आहे काय? अवश्य घडले आहे.

१३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी देवगिरीस हलविली आणि तिला दौलताबाद नाव दिले. सैनिक, कारागीर, सूफी संत, आचारी असा मोठा लवाजमा दख्खनमध्ये उतरला. राजधानी पुढे परत गेली, माणसे पुष्कळशी येथेच राहिली. औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, नान-खलिया हा पदार्थ या छावणीतून आला असे परंपरेने सांगतात. मोठ्या देगीत मंद आचेवर तासन्‌तास शिजलेले मांस आणि भट्टीतून निघालेली मऊ नान. हजारो माणसांना एकाच वेळी जेवू घालण्याची ही रीत आजही तेथील लग्नकार्यांत टिकून आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि रेल्वेमार्ग हैदराबादकडे जात होता. त्यामुळे आपल्या भागातील मटणाच्या रश्शावर दिल्ली, हैदराबाद आणि गावरान काळा मसाला या तिघांचाही हात फिरला आहे.

मुंबईचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. अमरजितसिंग टिब्ब हे गृहस्थ परदेशातून परतताना बैरूतमध्ये थांबले असता त्यांनी तेथे रोटीत गुंडाळलेले मांस खाल्ले. त्याच कल्पनेला मैद्याची रोटी आणि आपला मसाला जोडून १९६९ साली त्यांनी मुंबईत ‘फ्रँकी’ आणली. जी वाट लेबनॉनमधून पुएब्लाला गेली, तिचाच दुसरा फाटा मुंबईत उतरला. मुंबईस शिकावयास गेलेली आपली मुले महाविद्यालयाच्या दारात उभी राहून फ्रँकी खातात, तेव्हा ती नकळत या इतिहासाचा एक घास घेत असतात.

येथवर सूत्र सरळ आहे : हंडी पाहुण्याची, भाकर यजमानाची. परंतु आपल्या ज्वारीचा इतिहास पाहू लागताच ते अधिक खोल होते. मराठवाड्याच्या मातीशी ज्वारीइतके एकरूप झालेले दुसरे धान्य नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ साली झाली, ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. तरीही ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. ईशान्य आफ्रिकेच्या सुदान परिसरात ती प्रथम पिकवली गेली आणि हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. मिरची तर मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली आणि तिने आपला ठेचा तिखट केला. म्हणजे आफ्रिकेची भाकर आणि मेक्सिकोची मिरची यांच्या संयोगाला आपण ‘अस्सल गावरान’ म्हणतो. त्यात चूक काही नाही. पुष्कळ पिढ्यांच्या घामाने ती दोन्ही येथली झाली आहेत. यजमान म्हणून जी भाकर आपण आज पुढे करतो ती स्वतःच कालची पाहुणी आहे, एवढे मात्र विसरू नये.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधारी मंडळी सांगतात, तेव्हा सुकडीबरोबर लाल ‘मिलो’ ज्वारीचे नाव हमखास निघते. ती अमेरिकेतून आली होती. तिची चव कोणाला रुचली नाही, तरी तिने खडी फोडणाऱ्या हातांना बळ दिले. आफ्रिकेचे धान्य अमेरिकेमार्गे आपल्या चुलीवर आले आणि आपण त्या वर्षी तगलो.

असो. आता जिज्ञासू गृहिणींसाठी आणि गृहस्थांसाठीही, पूर्णेच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांतून हा पदार्थ कसा करावा ते सांगतो. सहा माणसांना एक किलो खांद्याचे अथवा मांडीचे मटण हाडासकट घ्यावे. मेंढीचे मिळाले तर उत्तम, बोकडाचेही चालते. त्याला दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन लिंबांचा रस, दोन चहाचे चमचे मीठ, एक चमचा भरडलेले मिरे आणि तीन मोठे चमचे तेल चोळून दोन तास ठेवावे. ग्रीक लोक ऑलिव्हचे तेल वापरतात. आपल्याकडे करडईचे तेल आहे, आणि ते या भागाचे जुने वैभव होय. त्यांचा ओरेगानो आपल्या मरव्याचा सख्खा भाऊ, म्हणून मूठभर मरवा वापरावा. जाड बुडाच्या हंडीत मांस घालून अर्धी वाटी पाणी ओतावे, झाकणाची कड कणकेने लिंपावी आणि अगदी मंद आचेवर साडेतीन ते चार तास ठेवावे. हाडाजवळच्या चिवट तंतूंचे हळूहळू विरघळून मऊ रसात रूपांतर होते. त्याला उष्णतेपेक्षा वेळ अधिक लागतो. घाई केल्यास मांस शिजते, पण सुटत नाही.

दोन वाट्या दही फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगावे. एक काकडी किसून, पिळून त्यात घालावी. दोन पाकळ्या लसूण, मीठ आणि बारीक चिरलेला शेपू मिसळावा. शेपू ग्रीसमध्येही आवडीने खातात.

राहिली भाकर. मका आणि ज्वारी या दोहोंतही गव्हासारखा चिकटपणा नसतो. मेक्सिकोच्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, त्यामुळे पीठ एकजीव होते. आपल्या आया उकळते पाणी पिठात घालून तेच साधतात. दोन खंडांतील निरक्षर स्त्रियांनी एकाच अडचणीवर शोधलेले हे दोन उपाय आहेत, आणि कोणत्याही ग्रंथात त्यांच्या कर्त्यांची नावे नाहीत. अर्धा किलो पिठाच्या तळहाताएवढ्या, पातळ अठरा भाकरी होतात. त्या भाजताच फडक्यात झाकून ठेवाव्यात. गरम असताना दुमडते, निवली की तुटते. दुमडलेल्या भाकरीत सोडवलेले मटण, त्यावर दही-काकडी आणि कच्चा कांदा घालून लगेच खावे.

वाचकहो, हा खटाटोप केवळ जिभेच्या चोचल्यांसाठी केलेला नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुले कामासाठी पुण्या-मुंबईस जातात. तेथे त्यांना ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले जाते. आणि येथे, आपल्या गावीही, ख्रिस्ती माणसाला कधी कधी तोच प्रश्न अधिक बोचऱ्या सुरात ऐकावा लागतो. तो प्रश्न आपल्याला बोचतो. मग बिहारचा किंवा ओडिशाचा मजूर आपल्या स्टेशनवर उतरतो, तेव्हा तोच प्रश्न आपण कोणत्या सुरात विचारतो?

पाहुण्याची चव माणसे लवकर स्वीकारतात, पाहुण्याला स्वीकारण्यास मात्र दोन-तीन पिढ्या लावतात, हा या इतिहासाचा बोध आहे. ‘दह्याने बाप्तिस्मा झालेले’ म्हणून हिणवलेल्या पहिल्या पिढीने आपल्या दह्याचा सन्मान झालेला पाहिला नाही. त्यांची नातवंडे तो पाहत आहेत. मधल्या वर्षांत जे अपमान गिळले गेले ते कोणत्याही पाककृतीत लिहिलेले नसतात. आपल्या दाराशी आलेल्या माणसाला इतकी वर्षे वाट पाहावयास लावू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. भाकर गरम आहे तोवरच ती दुमडते.